विणकराची पंधरावी पोर

३ एप्रिल १९१९. गाव व्हिएन्ना. महायुद्ध हरून ऑस्ट्रियाचं साम्राज्य मोडलेलं, बादशहा पळालेला आणि नव्या प्रजासत्ताकाची घटना समिती बसलेली. त्या दिवशी समितीपुढं एक बिल होतं. सरदार, उमराव, काउंट, बॅरन यांच्या सगळ्यांच्या पदव्या रद्द करायचं बिल. नावात ‘फॉन’ एवढा एक शब्द घालून जी घराणी शेकडो वर्षं लोकांच्या डोक्यावर बसली होती, त्यांचा तो शब्द कायद्यानं पुसून टाकायचा.

या बिलावर बोलायला एक बाई उठली. वय पन्नास. ऑस्ट्रियाच्या पार्लमेंटात तोवर कुठलीच बाई बोलली नव्हती, कारण तोवर बाईला तिथं बसायचीच सोय नव्हती. म्हणजे त्या देशाच्या पार्लमेंटातलं बाईचं पहिलं भाषण झालं ते जन्मानं मिळणाऱ्या मोठेपणाच्या विरोधात. बाईचं नाव आडेलहाइड पॉप. विणकराची पोर. शाळा तीन वर्षं.

दोस्तांनो, या बाईवर मी लिहितोय त्याला कारण आहे. आपल्या अभ्यासवर्गात रोझा लक्झेंबर्गचं नाव येतं, क्लारा झेटकिनचं येतं. येऊ दे. त्या मोठ्याच होत्या. पण त्या शिकलेल्या होत्या. रोझा डॉक्टरेट झालेली, क्लारा शिक्षिकेचं शिक्षण घेतलेली. आडेलहाइड मात्र कारखान्यातून आली. दुसरं कारण जरा कडू आहे. तिला तिच्याच पक्षानं एकदा सांगितलं, बाई, जरा थांब, आधी आमचं होऊ दे. आणि ती थांबली. त्याबद्दल पुढं बोलू.

तिचा जन्म ११ फेब्रुवारी १८६९ चा, व्हिएन्नाजवळच्या इन्झर्सडॉर्फ या गावात. माहेरचं आडनाव ड्वोर्शाक. घरचे मूळ बोहेमियाकडचे, पोटासाठी इकडं आलेले. आई पंधरा वेळा बाळंत झाली आणि ही पंधरावी. जगली फक्त पाच. बाप विणकाम करायचा आणि प्यायचा. ती पाचेक वर्षांची असतानाची नाताळची गोष्ट तिनं लिहून ठेवलीय. आईनं पैपै साठवून पोरीसाठी नाताळचं लहानसं झाड सजवलेलं. बाप येईल मग दिवे लावू म्हणून सगळी वाट बघत बसलेली. बाप आला तो पिऊन आणि पगारातले थोडेच पैसे घेऊन. भांडण पेटलं. त्यानं कुऱ्हाड घेतली आणि त्या झाडाचे तुकडे केले. पोरीनं ते बघितलं. सहा वर्षांची व्हायच्या आत बाप मेला. बापाचा एकही मायेचा शब्द आठवत नाही असं ती लिहिते.

ज्या वर्षी ती जन्मली त्याच वर्षी, १८६९ साली, ऑस्ट्रियात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. पोराला आठ वर्षं शाळेत घातलंच पाहिजे, असा कायदा. कायदा आणि ती एकाच वयाची. पण तिच्या वाट्याला त्यातली तीनच वर्षं आली. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि पोरगी दहा वर्षांची झाली की तिनं कमवावं, हा तिचा साधा हिशेब. पोरीला शाळेत धाडत नाही म्हणून सरकारनं आईला बारा तासांची कैद दिली. आता बघा गंमत. पोरीच्या पायात धड जोडा नाही, घरात खायला नाही, आणि कायदा येऊन काय करतो, तर आईलाच कोंडतो. आपल्याकडं शाळा काढून शाळेबाहेर बसवत होते. तिथं शाळेचं दार उघडं होतं पण पोटानं ते बंद केलं होतं.

दहा वर्षांची असताना ती आईबरोबर व्हिएन्नात आली. शहरात आल्यावर पोलिसांकडं घरातल्या माणसांची नोंद करायचा फॉर्म भरायचा असे. त्यात मुलांचा एक रकाना आणि नोकरमाणसांचा एक. तिचं नाव मुलांच्या रकान्यात घातलं नाही, कारण तिथं घातलं तर शाळावाले येतील. नाव गेलं नोकरांच्या रकान्यात. मग काय, दहाव्या वर्षी ती मूल राहिलीच नाही. कागदोपत्रीही नाही.

सुईकाम, क्रोशा, रोज बारा तास. मजुरी दिवसाला वीस-पंचवीस क्रॉयझर, म्हणजे चिल्लरच. वर रात्री घरी आणून काम. मग मण्यांची झालर करणाऱ्या बाईकडं उमेदवारी. मग ब्राँझच्या वस्तूंचा कारखाना, तिथं साखळ्यांच्या कड्या गॅसच्या झोतावर जोडायचं काम. तिथं ती फिकट पडली, चक्कर येऊन पडायला लागली. एकदा, दोनदा, पुन्हा. डॉक्टरांनी तेरा वर्षांच्या पोरीला हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात ठेवून घेतलं. आता पुढचं वाक्य मी पुस्तकात वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ती म्हणते, ते दिवस चांगले होते. का, तर तिथं पोटभर जेवण होतं, वाचायला पुस्तकं होती, सगळी नीट बोलत होती आणि झोपायला स्वतःची एकटीची खाट होती. वेड्यांच्या वॉर्डात पोरीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खाट मिळाली.

खाटेचं प्रकरण समजून घ्या. तेव्हाच्या व्हिएन्नात कामगारांच्या खोल्यांत खाट भाड्यानं दिली जायची. खोली नाही, खाट. रात्रीपुरती. घरभाडं परवडायचं नाही म्हणून घरातच परका माणूस झोपायला ठेवायचा. आडेलहाइडच्या घरीही असा एक भावाचा सोबती होता, त्याच एका खोलीत. एका रात्री तो माणूस तिच्या अंगाशी आला. ती किंचाळून उठली. गिरणगावातल्या एका गाळ्यात पंधरा-वीस माणसं पाळीनं झोपत, हे आपल्या बापजाद्यांनी भोगलंय. तिथं पुरुषच राहायचे म्हणून आपण त्याचे विनोद सांगतो. त्या खोलीत वयात आलेली पोर असती तर विनोद सुचला नसता.

पुन्हा दुखणं आलं तेव्हा तिला हॉस्पिटलातून अनाथ म्हाताऱ्यांच्या गरीबखान्यात टाकलं. तिथून तर तिला बोहेमियातल्या बापाच्या मूळ गावी पाठवून द्यायचं घाटत होतं. कारण कायदा असा की गरिबाला आसरा द्यायची जबाबदारी त्याच्या मूळ गावाची. मूळ गाव म्हणजे बापाचं. जे गाव तिनं कधी बघितलं नव्हतं, जिथली भाषा तिला येत नव्हती, तिथं तिनं जायचं. बापाच्या गावावरून माणसाची जागा ठरवायची ही रीत आपल्याला नवी नाही! आई धावत आली आणि घरी घेऊन गेली म्हणून वाचली.

एका कारखान्यात मालकाच्या फिरत्या विक्रेत्यानं तिची पगारवाढ करून दिली आणि बदल्यात तिचा मुका घेऊ लागला. ती काम सोडून निघाली. घरी आई चिडली. चांगलं काम सोडलं म्हणून. आईच्या चिडण्याचा राग येतो, पण मला त्या आईचं गणितही कळतं. पंधरा बाळंतपणं काढलेल्या बाईला मुक्यापेक्षा भाकरीचा हिशेब मोठा वाटला. आडेलहाइडनं हे सगळं जसंच्या तसं लिहिलंय. आईला देवी केली नाही आणि चेटकीणही केली नाही.

पुढं तिला बुचांच्या कारखान्यात काम मिळालं. तिथं बरं होतं, आणि तिथंच ती घडली. वाचायचा नाद लहानपणापासून. आधी दरोडेखोरांच्या, राण्यांच्या, सैतानांच्या गोष्टी, हाताला लागेल ते. बादशहावर भक्ती, देवावर भक्ती. मग भावाच्या एका मित्रानं घरी सोशल डेमोक्रॅट पक्षाचा पेपर आणला. सुरुवातीला तिला त्यातलं काही कळायचं नाही. पण कामगारांच्या हालाबद्दल जे लिहिलेलं असे ते कळायचं, कारण ते तिचंच होतं. ती स्वतः जाऊन पेपर विकत आणायला लागली. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवायला लागली. कचेरीतला एक कारकून ते ऐकून मान हलवत म्हणाला, ही पोरगी पुरुषासारखी बोलते. त्याला ती शिवी वाटली असेल का शाबासकी, कोण जाणे.

पहिल्यांदा सभेला गेली ती भावाबरोबर. सगळे पुरुष आणि ही एकटी. नंतर एका रविवारी सकाळी एका धंद्यातल्या कामगारांची सभा. तीनशे पुरुष आणि नऊ बायका. आकडा तिनंच लिहून ठेवलाय. बायकांच्या मजुरीवर चर्चा चाललेली आणि बायका गप्प. वक्ता सांगतोय की बायका स्वस्तात काम करतात म्हणून पुरुषांची मजुरी पडते. तिनं हात वर केला. अध्यक्षांनी बोलावलं. स्टेजच्या पायऱ्या चढताना डोळ्यांपुढं अंधारी आली, घसा आवळला. पण बोलली. काय बोलली? कारखान्यात काय होतं ते. मजुरी, तास, अंगचटीला येणं, दिवसभर राबून घरी पुन्हा राबणं, पुस्तकाची भूक. संपलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट. लोकांनी गराडा घातला आणि सांगितलं, हेच धंद्याच्या पेपरात लिहून दे.

लिहून दे! पोरीला शुद्धलेखन येत नव्हतं. तीन वर्षांच्या शाळेत व्याकरण कुठलं? तरी लिहिलं. रात्री, कामावरून आल्यावर, चुकत चुकत. ज्या दोस्तांना आपला लेख पाठवताना ‘न’ आणि ‘ण’ ची लाज वाटते त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगतो. मीही त्यातलाच. माझी पहिली कविता एका मोठ्या मासिकाकडून परत आली तेव्हा तिच्यावर लाल पेन्सिलीनं फक्त ऱ्हस्व-दीर्घ काढले होते. कवितेबद्दल एक शब्द नव्हता. आडेलहाइडचं नशीब की तिला लाल पेन्सिलवाल्यांऐवजी एमा आडलर भेटली. पक्षाचे पुढारी व्हिक्टर आडलर यांची बायको. तिनं या कामगारणीला शेजारी बसवून भाषा शिकवली, लिहायला शिकवलं. मध्यमवर्गातल्या माणसानं चळवळीत काय करावं, असं कुणी विचारलं तर हे सांगावं.

१ जानेवारी १८९२ ला व्हिएन्नात बाई कामगारांचं स्वतःचं वर्तमानपत्र निघालं, आर्बायटरिनन त्साइटुंग. नावाचा अर्थच कामगारणींचं वर्तमानपत्र. त्याच वर्षी त्याची संपादक म्हणून आडेलहाइड बसली. तेवीस वर्षांची. कारखाना सुटला तो तेव्हा. अंक चालवायचा, त्यात लिहायचं, आणि सभांना गावोगाव फिरायचं. सभेत पोलिसांचा अधिकारी खुर्ची टाकून बसलेला असायचा आणि एखादं वाक्य आवडलं नाही की सभा बंद. १८९५ साली तिच्या पेपरात लग्नाबद्दल, पैशासाठी होणाऱ्या लग्नांबद्दल लेख आला. विवाहसंस्थेची बदनामी केली म्हणून खटला झाला आणि तिला चौदा दिवसांची कैद. आईला शाळेपायी बारा तास, लेकीला लेखापायी चौदा दिवस.

आईशी तिचं शेवटपर्यंत जुळलं नाही. सभेवरून रात्री घरी आली की आईचा तोंडाचा पट्टा सुरू. पोरीनं लग्न करावं, विणकाम करावं, हे काय गावभर बोलत फिरतेय. १८९३ च्या सप्टेंबरात फ्रेडरिक एंगेल्स व्हिएन्नाला आला होता, सोबत जर्मनीचा ऑगस्ट बेबेल. त्यांना ही अडचण कळली. दोघं म्हातारे उठले आणि तिच्या खोलीवर आईला भेटायला गेले. पोरीचा अभिमान बाळगा म्हणून समजावून सांगितलं. आईला एंगेल्स कोण, बेबेल कोण, काय पत्ता. ते गेल्यावर आईनं नाक मुरडलं, की घरी आणतेस ते असले म्हातारे! तिला वाटलं, पोरगी नवरा दाखवायला आणतेय. मार्क्सचा सोबती एंगेल्स, आणि त्या म्हातारीनं त्याला लग्नाच्या बाजारात नापास केला. मला ही गोष्ट जाम आवडते. आपल्या आयांनीही असंच कितीतरी पुढाऱ्यांना नापास केलंय, आपल्याला ते उशिरा कळतं.

त्याच १८९३ च्या मे महिन्यातला संप सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. व्हिएन्नात कापडाला शेवटचा हात देणारे कारखाने होते. धुणं, खळ देणं, इस्त्री, घडी. वाफ आणि उष्णता, दिवसाला बारा-बारा, तेरा-तेरा तास, सगळ्या बायका. एका कारखान्यात अमाली रिबा नावाची सतरा वर्षांची पोर बायकांना एकत्र करून बोलायला लागली. मालकानं तिला काढून टाकलं. बायका म्हणाल्या, तिला परत घ्या. नाही म्हटल्यावर त्या बाहेर पडल्या. शेजारच्या कारखान्यांतल्याही बाहेर पडल्या. सहाशेच्या वर बायका. व्हिएन्नातला बाई कामगारांचा हा पहिला मोठा संप. आडेलहाइड त्यांच्यात उभी राहून बोलत होती, फंड गोळा करत होती. शेवटी मालक वाकले, दहा तासांचा दिवस पदरात पडला. आपल्या देशात गिरणी कामगाराचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला तो १९४६ च्या कायद्यानं, आणि त्यामागं व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी केलेलं काम आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? असो. ही अमाली पुढं पुन्हा भेटेल.

आडेलहाइडनं लग्न केलं ते पक्षातल्याच युलिउस पॉपशी. वीसेक वर्षांनी मोठा, पक्षाच्या पेपरचा कारभार बघणारा. तिला भाषणाला जायचं असलं की तो पोरं सांभाळायचा, असा माणूस. १९०२ साली तो गेला. दोन लहान पोरं आणि ही विधवा.

आता ती कडू गोष्ट.

त्या देशात आधी मताचा हक्क पैशावर होता. लोकांना गटांत वाटलेलं. जमीनदारांचा गट, व्यापाऱ्यांचा गट, आणि कामगाराला जवळजवळ काही नाही. १९०५ साली रशियात क्रांतीचा भडका उडाल्यावर व्हिएन्नातही मताच्या हक्कासाठी लाखोंचे मोर्चे निघाले. त्यात बायका पुढं होत्या. पण पक्षानं ठरवलं, सध्या मागणी फक्त पुरुषांच्या मताची. बायकांचं मत मध्ये आणलं तर सगळंच फिसकटेल. आधी पुरुषांना मिळू दे, मग ते पार्लमेंटात जाऊन तुमचं बघतील. आणि आडेलहाइड पॉपनं आणि तिच्या सोबतिणींनी ते मान्य केलं. आपल्या मागणीचा आवाज आपणच खाली घेतला. १९०७ ला सगळ्या पुरुषांना मत मिळालं, पक्षाचे ८७ लोक निवडून आले. बायकांना काय मिळालं? काही नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीत श्टुटगार्टला समाजवादी बायकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथं क्लारा झेटकिननं ऑस्ट्रियाच्या बायकांना तोंडावर सुनावलं. आपण मागणीच केली नाही तर ती पुढं कोण करणार? आडेलहाइडनं बचाव केला. आमच्या देशातली परिस्थिती अशी होती, तशी होती.

हा बचाव वाचताना मला एक अभ्यासवर्ग आठवतो. बोलणारा मोठा पुढारी, नाव कशाला सांगू. मी विचारलं, कॉम्रेड, जातीचं काय? तो हसला. म्हणाला, आधी वर्गलढा जिंकू, मग जात आपोआप जाईल. मी बसलो. तेव्हा बसलो याची खंत मला अजून आहे. बाबासाहेब बसले नव्हते. १९२८ च्या गिरणी संपात त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट विचारलं, विणाई खात्यात आमच्या माणसाला का घेत नाही? कारण काय तर साच्यावर धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढावं लागतं आणि अस्पृश्याचं उष्टं सूत सवर्ण कामगाराला चालत नाही. पगार तर साच्यावरच जास्त. ही मागणी तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमची माणसं संपात का यावी? तेव्हा कुठं ती मागणी यादीत गेली, तीही कुरकुरत.

म्हणून मी म्हणतो, १९०५ साली आडेलहाइड चुकली. तिला दोष देताना माझी जीभ जड होते, कारण तिच्याजवळ दुसरं घर नव्हतं. पक्षानं तिला अक्षर दिलं, स्टेज दिलं, नवरा दिला. त्या पक्षाला नाही म्हणायचं म्हणजे आईला नाही म्हणण्यासारखं. पण ती तर आईलाही नाही म्हणाली होती!

एक मात्र खरं, ती थांबली तरी बसून राहिली नाही. त्या देशात बायकांना राजकीय संघटनेत सभासद व्हायलाच बंदी होती, १८६७ च्या कायद्यानं. यावर तिनं आणि इतरांनी तोड काढली. संघटनेला ‘शिक्षण मंडळ’ म्हणायचं, युनियन म्हणायचं, आणि काम तेच करायचं. १९ मार्च १९११ ला पहिला आंतरराष्ट्रीय महिला दिन झाला तेव्हा व्हिएन्नाच्या रिंगश्ट्रासं या राजरस्त्यावरून वीस हजारांचा मोर्चा गेला, मागणी बायकांच्या मताची. आता कुणी थांब म्हणायला नव्हतं. त्याच वर्षी ती राजकीय संघटनेची बंदीही उठली.

आणि या मधल्या काळात तिनं आपलं पुस्तक लिहिलं. १९०९ साली. एका कामगारणीच्या तरुणपणाची कहाणी. पहिल्या आवृत्तीवर लेखिकेचं नाव नव्हतं, प्रस्तावना बेबेलची. नाव का नाही? कारण ही एकटीची गोष्ट नाही, हजारो जणींची आहे, असं तिचं म्हणणं. पुस्तक हातोहात गेलं, अनेक भाषांत गेलं, १९१२ ला इंग्रजीत आलं. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं ते इंग्रजीच. पाळी संपवून आल्यावर रोज दोन-तीन पानं. वाचताना सारखं वाटत होतं, हे आपल्याकडच्या आत्मकथनांसारखं आहे. रडगाणं नाही, शोभा नाही, आकडे आहेत. किती तास, किती पैसे, किती माणसं एका खाटेवर. १९१२ ला तिनं घरकामाच्या मोलकरणींवर आणखी एक पुस्तिका लिहिली. नाव ठेवलं, घरगुती गुलाम. त्यात पाल्हाळ नाही.

१९१४ ला महायुद्ध आलं. तिच्या पक्षानं सरकारला साथ दिली आणि ती पक्षाच्या रांगेतच राहिली. या भागावर मी जास्त लिहीत नाही, लिहावंसं वाटत नाही. तिचा एक पोरगा त्या युद्धात गेला. दुसरा १९२४ साली आजारानं. दोन्ही पोरं गेली.

नोव्हेंबर १९१८. साम्राज्य कोसळलं, प्रजासत्ताक आलं, आणि बायकांना मत मिळालं. १९०७ पासून अकरा वर्षं. १६ फेब्रुवारी १९१९ ला निवडणूक झाली आणि ४ मार्चला घटना समिती बसली तेव्हा आत पहिल्या आठ बायका होत्या. सात सोशल डेमोक्रॅट. त्यांत तंबाखूच्या कारखान्यातली मारिया टुश, घरकाम केलेली गाब्रिएले प्रोफ्ट, नवव्या वर्षापासून राबलेली आना बोशेक, आणि १८९३ च्या संपातली ती सतरा वर्षांची पोर, अमाली. आता अमाली सायडल. जिला मालकानं गेटबाहेर काढलं होतं ती देशाची घटना लिहायला बसली होती.

महिन्याभरात ते बिल आलं, ज्यापासून मी सुरुवात केली. ३ एप्रिल. पदव्या रद्द. आडेलहाइड बोलली ती रद्द कराच म्हणून. बिल मंजूर झालं. त्याच दिवशी हाब्सबुर्ग राजघराण्याची सत्ता आणि मालमत्ता काढून घेणारा कायदाही झाला. नियम असे कडक की कुणी ‘फॉन’ लावून मिरवला तर वीस हजार क्रोनपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. तो कायदा अजून त्या देशात आहे.

इथं एक सांगतो, नाहीतर कुणी म्हणेल की हा सगळं एकाच तराजूत तोलतो. फॉन म्हणजे जात नव्हे. विणकराच्या पोरीला तिथं कुणी पाणवठ्यावरून हाकललं नव्हतं, तिची सावली कुणाला विटाळत नव्हती. एमा आडलरनं तिला शेजारी बसवलं आणि नंतर आंघोळ केली नाही. आपल्या घटनेत किताब रद्द करणारं कलम १८ आहे, पण त्याच्या आधी कलम १७ लिहावं लागलं. ऑस्ट्रियाला तसलं सतरावं कलम लागलं नाही. आणि तिथं पुसायला नावातला एक शब्द होता. आपल्याकडं आडनाव पुसलं तरी पुढचा माणूस गाव विचारतो, गावात कुठं राहता विचारतो.

पुढं ती १९३४ पर्यंत पार्लमेंटात होती. १९२० साली मोलकरणींसाठी कायदा झाला. जुन्या नोकरनियमांत मालकाला मोलकरणीवर हात उगारायचीही मुभा होती, ते नियम गेले. तिनं बायकांच्या गर्भपातावरची शिक्षा उठवायची मागणी केली, ती मंजूर झाली नाही. क्लारा झेटकिन कम्युनिस्टांकडं गेल्यावर समाजवादी बायकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचं काम तिच्याकडं आलं.

फेब्रुवारी १९३४ ला सरकारनं व्हिएन्नात कामगारांच्या वस्त्यांवर तोफा डागल्या. पक्ष बेकायदा ठरला, पेपर बंद, पार्लमेंट तर आधीच बंद. ती तेव्हा आजारी होती. १९३८ ला हिटलर आला. ७ मार्च १९३९ ला ती व्हिएन्नातच वारली. सत्तर वर्षांची होती. शहर नाझींचं होतं.

युद्ध संपल्यावर व्हिएन्नाच्या म्युनिसिपालिटीनं ओटाक्रिंग भागातल्या एका कामगार वसाहतीला तिचं नाव दिलं. आडेलहाइड पॉप होफ. तिथं कुटुंबाला अख्खं घर मिळतं.